नाते कोणाच्या ओळीत लिहावे? साखर कारखान्याच्या प्रणालीतून डेटा-ऑब्जेक्टांच्या नात्यांची मांडणी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळणारी पावती नीट पाहिली, तर डेटाबेसच्या रचनेतला निम्मा प्रश्न तिथेच सुटलेला दिसतो. पावतीवर ऊसनोंदीचा क्रमांक असतो, वाहनाचा क्रमांक असतो, तोडणी टोळीचा संकेतांक असतो. मात्र ऊसनोंदीच्या रजिस्टरात त्या नोंदीखाली पुढे होणाऱ्या पावत्यांसाठी कोणी जागा आखून ठेवत नाही. एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या कागदावर लिहायचा असतो, आणि तो कोणाच्या कागदावर लिहायचा हे कारकुनांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेले आहे. प्रोग्राम बंद झाल्यावरही डेटाबेसमध्ये टिकून राहणाऱ्या वस्तू एकमेकींना कशा जोडायच्या हे ठरवताना हीच कारकुनी नजर सर्वांत उपयोगी पडते.

म्हणून येथे उदाहरण म्हणून कारखान्याची ऊसपुरवठा प्रणाली घेतली आहे. शेतकरी, त्याची ऊसनोंद, वजन पावती, तोडणी टोळी, वाहन, करार आणि पंधरवड्याचे बिल एवढ्या सात वस्तूंत नात्यांचे जवळपास सर्व प्रकार येऊन जातात. साधन म्हणून जावा ही भाषा आणि तिच्यातील ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत जतन करणारे हायबरनेट गृहीत धरले आहेत. हायबरनेटची सुरुवात गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये केली, त्यातील बऱ्याच कल्पना २००६ मध्ये जावा पर्सिस्टन्स एपीआय म्हणजे जेपीए या मानकात आल्या, आणि आज तेच मानक जकार्ता पर्सिस्टन्स या नावाने चालते. डॉटनेट किंवा जँगो ही दुसरी साधने वापरणाऱ्यांना काही शब्द वेगळे वाटतील, पण घ्यावे लागणारे निर्णय तेच आहेत.

आधी वाक्ये, मग क्लास

क्लास लिहिण्यापूर्वी प्रत्येक नात्याची दोन वाक्ये लिहून काढावीत, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने. ‘एका शेतकऱ्याच्या एका हंगामात अनेक ऊसनोंदी असू शकतात.’ ‘एक ऊसनोंद एकाच शेतकऱ्याच्या नावावर असते.’ ही वाक्ये शेती विभागातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवावीत, कारण दुसरे वाक्य ऐकल्यावर तो बहुधा म्हणतो, ‘असते तसेच, पण दोघा भावांचा सामाईक गट असला की बिल अर्धे-अर्धे काढायला सांगतात.’ पुढची सगळी रचना या ‘पण’वर अवलंबून असते. नोंदीला दोन मालक द्यायचे, की नोंद एकाच नावावर ठेवून बिलाचे हिस्से करायचे? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. तोडणीचा कार्यक्रम, शेताची पाहणी, तक्रार हे सर्व व्यवहार एका माणसाशी होतात. दोन ठिकाणी जातात ते फक्त पैसे. तेव्हा ‘बिल-हिस्सा’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट करावा आणि नोंदीचे नाते साधेच राहू द्यावे. नोंदीला दोन मालक दिले, तर नोंदीला हात लावणाऱ्या प्रत्येक स्क्रीनवर ‘यांपैकी मुख्य कोण’ हा प्रश्न उभा राहतो.

वाक्यांत ‘असू शकते’ आणि ‘असलीच पाहिजे’ यांतील फरक काटेकोरपणे जपावा. नोंदीला टोळी असू शकते. तोडणीचा कार्यक्रम लागेपर्यंत ती नसते, म्हणून टोळीचा रकाना रिकामा राहू शकतो. पावतीला नोंद मात्र असलीच पाहिजे, म्हणून तो रकाना रिकामा राहू देऊ नये. यावर काट्यावरचा माणूस सांगेल की कधी कधी बिगरनोंदीचा ऊसही येतो. अशा वेळी रकाना मोकळा सोडण्याचा मोह टाळावा, आणि त्या उसाची आयत्या वेळी नोंद करून, तिच्यावर तसा शेरा मारून, मग पावती काढावी. महिन्यातून चार वेळा होणाऱ्या गोष्टीसाठी रकाना रिकामा ठेवला, तर उरलेल्या हजारो पावत्यांसाठीही ‘नोंद नसेल तर काय’ ही तपासणी प्रत्येक अहवालात लिहावी लागते.

फॉरेन की अनेकांच्या बाजूला

एकास अनेक नात्यात फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीचा क्रमांक ठेवणारा रकाना, नेहमी ‘अनेक’ असलेल्या बाजूच्या टेबलात जाते. पावत्या अनेक, नोंद एक. म्हणून पावतीच्या ओळीत नोंदीचा क्रमांक. हे टेबलांच्या पातळीवर सर्वांना पटते, पण क्लास लिहिताना हात आपोआप उलट्या दिशेने चालतो, कारण ‘नोंदीजवळ पावत्यांची यादी आहे’ असे म्हणणे प्रोग्रामरला अधिक स्वाभाविक वाटते. तो नोंदीच्या क्लासमध्ये पावत्यांची यादी लिहितो, तिच्यावर वन-टू-मेनी अशी खूण करतो आणि थांबतो. एवढेच लिहिले, तर जेपीएच्या नियमाप्रमाणे या नात्यासाठी मधले तिसरे टेबल धरले जाते, आणि साध्या दोन टेबलांच्या कामासाठी तीन टेबले होतात. त्यावर उपाय म्हणून जॉइन-कॉलम, म्हणजे फॉरेन कीच्या रकान्याचे नाव, लिहिला, तर टेबल वाचते, पण हायबरनेट आधी पावतीची ओळ घालते आणि मग वेगळ्या अपडेटने तिच्यात नोंदीचा क्रमांक भरते.

त्यामुळे सुरुवात पावतीकडून करावी. पावतीच्या क्लासमध्ये ‘नोंद’ हे एकच फील्ड, त्यावर मेनी-टू-वन ही खूण, जॉइन-कॉलमचे नाव आणि तो रिकामा चालणार नाही ही अट लिहावी. बहुतेक नात्यांना एवढे पुरते. नोंदीच्या पावत्या हव्या असतील, तर ‘ज्या पावत्यांची नोंद ही आहे त्या आण’ अशी क्वेरी लिहिता येते, आणि तिला क्रम, तारखेची मर्यादा, पानांची विभागणी असे हवे ते जोडता येते.

उलट बाजूची यादी क्लासमध्ये ठेवायची की नाही हे संख्येवर ठरवावे. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रेलरांतून एका खेपेला साधारण पंधरा टन ऊस येतो असे धरले, तर एक-दोन एकरांच्या नोंदीच्या पावत्या हाताच्या बोटांवर मोजता येतात. नोंदीजवळ पावत्यांची यादी असायला हरकत नाही. आता हंगामाच्या ऑब्जेक्टजवळ तशीच यादी ठेवली तर काय होईल ते पाहावे. दररोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना १२० दिवस चालला तर ६ लाख टन ऊस येतो आणि त्याच हिशेबाने ४०,००० पावत्या होतात. कोणीतरी निष्पापपणे हंगामाजवळच्या यादीची संख्या विचारतो, आणि एक आकडा दाखवण्यासाठी त्या सर्व पावत्या स्मृतीत चढतात. ज्या यादीला वरची मर्यादा सांगता येत नाही, ती यादी क्लासमध्ये ठेवू नये; क्वेरीतच ठेवावी.

दोन्ही बाजूंनी नाते ठेवले तर

नोंदीजवळ पावत्यांची यादी ठेवायची ठरली, तर त्या यादीवर ‘मॅप्डबाय नोंद’ असे लिहावे लागते. याचा अर्थ असा की नात्याचा खरा मालक पावतीतील ‘नोंद’ हे फील्ड आहे आणि ही यादी म्हणजे त्याचा केवळ आरसा आहे. आरशात टिकली लावून कपाळावर टिकली उमटत नाही, पण कोडमध्ये ही चूक रोज होते. नोंदीच्या यादीत नवी पावती घातली, पावतीचे ‘नोंद’ हे फील्ड भरले नाही, आणि जतन केले, तर हायबरनेट यादीकडे पाहतच नाही. ते पावतीतले रिकामे फील्ड पाहते. रकाना रिकामा चालणारा असेल, तर पावती निमूट अनाथ जतन होते आणि चूक बिलाच्या वेळी कळते. रकान्यावर सक्तीची अट असेल, तर तेथेच त्रुटी येऊन काम थांबते, आणि ते केव्हाही बरे.

म्हणून दोन्ही बाजू एकाच ठिकाणी जुळवणारी पद्धत नोंदीच्या क्लासमध्ये लिहावी. ‘पावती जोड’ या पद्धतीत दोनच ओळी असाव्यात: यादीत पावती घालणे आणि पावतीच्या ‘नोंद’ फील्डमध्ये स्वतःला ठेवणे. यादी बाहेर देताना बदल न करता येणाऱ्या स्वरूपात द्यावी, म्हणजे या पद्धतीला वळसा घालून कोणी परस्पर यादीत काही घालू शकणार नाही.

दुहेरी नात्याचा आणखी एक सापळा येथेच सांगून ठेवतो. नोंद छापताना ती आपल्या पावत्या छापते, पावती आपली नोंद छापते, नोंद पुन्हा पावत्या छापते आणि शेवटी स्टॅक भरून प्रोग्राम कोसळतो. टू-स्ट्रिंगमध्ये नात्यांची फील्डे घेऊ नयेत, आणि एंटिटी, म्हणजे टेबलाशी जोडलेला ऑब्जेक्ट, थेट जेसनमध्ये (स्क्रीनकडे माहिती पाठवण्याच्या मजकूर-स्वरूपात) पाठवू नये. स्क्रीनसाठी वेगळा साधा क्लास करावा.

नात्यालाच तारीख असेल तर

टोळी आणि वाहन यांचे नाते वरवर अनेकास अनेक दिसते. एक टोळी हंगामात दोन-तीन वाहनांवर काम करते, आणि एका वाहनावर हंगामात दोन टोळ्या होऊन जातात. जेपीएमध्ये मेनी-टू-मेनी ही खूण आहे, ती लावली की मधले टेबल आपोआप तयार होते, आणि पहिल्या आठवड्यात सर्व व्यवस्थित चालते. मग शेती विभाग विचारतो, ‘ही टोळी या वाहनावर कोणत्या तारखेपासून होती?’ त्यानंतर विचारतो, ‘मुकादमाला दिलेली उचल कोणत्या करारावर धरायची?’ आणि मधल्या टेबलात तारीख, उचल किंवा दर लिहायला जागाच नसते, कारण त्या टेबलाला क्लास नाही.

पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप पद्धत मांडली तेव्हा नात्यासाठी आकृतीत वेगळी हिऱ्याची खूण ठेवली होती, आणि त्या नात्यालाही स्वतःचे गुणधर्म असू शकतात हे त्यात गृहीत होते. ऑब्जेक्टांच्या भाषेत तो हिरा हरवला; तिथे नाते म्हणजे एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूकडे जाणारा नुसता बाण. तो हिरा परत आणण्याचा मार्ग म्हणजे नात्याचाच क्लास करणे. टोळी आणि वाहन यांच्यामध्ये ‘करार’ हा ऑब्जेक्ट ठेवावा, त्याला टोळीकडे एक मेनी-टू-वन, वाहनाकडे एक मेनी-टू-वन, आणि स्वतःची ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘उचल’ ही फील्डे असावीत. कारखान्यात या गोष्टीला आधीपासूनच ‘करार’ हे नाव आहे, यावरूनच ते नुसते नाते नसून वस्तू आहे हे ओळखावे. ज्या नात्याला व्यवहारात स्वतःचे नाव, तारीख, रक्कम किंवा सहीचा कागद आहे, त्याला क्लास द्यावाच.

यातून पावतीची रचनाही बदलते. सुरुवातीला पावती वाहनाकडे आणि टोळीकडे वेगवेगळी बोट दाखवत होती. आता तिने कराराकडे बोट दाखवावे. हंगामाच्या मध्यावर ट्रॅक्टर विकला गेला, नव्या मालकाने नवा करार केला, तरी डिसेंबरच्या पावत्या जुन्या करारावरच राहतात आणि तोडणी-वाहतुकीचे बिल योग्य माणसाच्या नावे निघते. पावतीने वाहनाकडे बोट दाखवले असते, तर मालकाचे नाव बदलताच मागचे सर्व अहवालही बदलले असते.

खरोखर माहिती नसलेले अनेकास अनेक नाते विरळ असते. वापरकर्ता आणि त्याला दिलेले अधिकार हे त्याचे उदाहरण. तेथे मेनी-टू-मेनी चालते, फक्त संग्रह लिस्ट न ठेवता सेट, म्हणजे एक वस्तू एकदाच ठेवणारा संग्रह, ठेवावा. क्रम न सांगितलेल्या लिस्टमधून एक अधिकार काढला, तर हायबरनेट त्या वापरकर्त्याच्या मधल्या टेबलातील सर्व ओळी काढते आणि उरलेल्या पुन्हा घालते; सेट असेल तर एकच ओळ जाते. सेट वापरायचा म्हणजे दोन वस्तू एकच आहेत का हे ठरवणाऱ्या इक्वल्स आणि हॅशकोड या पद्धती नीट लिहिणे आले. डेटाबेसने जतन करताना दिलेल्या आयडीवर हॅशकोड बांधला, तर जतन करण्यापूर्वी सेटमध्ये घातलेली वस्तू जतन झाल्यावर त्याच सेटमध्ये सापडत नाही.

खोडव्याचे मूळ

उसात स्वतःशीच असलेल्या नात्याचे अतिशय स्वच्छ उदाहरण मिळते. आडसाली, पूर्वहंगामी किंवा सुरू लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून येणारे पीक म्हणजे खोडवा, आणि खोडव्याची नवी नोंद पुढच्या हंगामात होते. त्या नोंदीत ‘मूळ नोंद’ हे फील्ड ठेवावे. ते ऊसनोंद याच क्लासकडे जाणारे, रिकामे चालणारे मेनी-टू-वन नाते असते. लागणीच्या नोंदीत ते रिकामे असते. यामुळे को ८६०३२ या जातीच्या लागणीला किती टन पडला आणि तिच्याच खोडव्याला किती, हे एका जॉइनमध्ये, म्हणजे ओळी जोडून वाचणाऱ्या एकाच क्वेरीत, कळते. येथे उलट बाजूची यादी ठेवण्याची गरज मला कधी भासली नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. नोंद स्वतःचीच मूळ असू नये, आणि मूळ नोंद नेहमी आधीच्या हंगामातली असावी. पहिली अट डेटाबेसच्या चेक कन्स्ट्रेंटमध्ये लिहिता येते. दुसरी दोन ओळींची तुलना मागते, म्हणून ती जतन करण्याच्या पद्धतीत तपासावी लागते.

एकास एक नाते

पावती आणि तिचे गाळप-प्रयोगशाळेतील नमुन्याचे निष्कर्ष असे नाते एकास एक असू शकते. प्रथम विचारावे की दोन टेबले हवीतच का. एकाच वेळी जन्मणारी आणि नेहमी बरोबर वाचली जाणारी माहिती एकाच ओळीत ठेवावी. निष्कर्ष उशिरा येत असतील आणि मोजक्याच पावत्यांचे येत असतील, तर दुसरे टेबल योग्य. तेव्हा निष्कर्षाच्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याचा क्रमांक, म्हणून पावतीचाच क्रमांक वापरावा, ज्यासाठी जेपीएमध्ये मॅप्स-आयडी ही सोय आहे. पावतीच्या बाजूला उलटे फील्ड ठेवू नये, कारण निष्कर्ष आहे की नाही हे कळण्यासाठी हायबरनेटला दुसरे टेबल पाहावेच लागते, आणि लेझी लिहूनही प्रत्येक पावतीमागे एक क्वेरी जाते.

कोणाबरोबर कोण जाते

कॅस्केड म्हणजे एका वस्तूवर केलेली क्रिया तिच्या नात्यातल्या वस्तूंवरही पसरणे. याबाबत सर्वांत अधिक नुकसान मी येथेच होताना पाहिले आहे. मी काम केलेल्या एका प्रणालीत हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात चुकून दोनदा निघालेली एक पावती कारकुनाने काढून टाकली. पावतीतून नोंदीकडे जाणाऱ्या नात्यावर आमच्यापैकी कोणीतरी ‘कॅस्केड ऑल’ लिहिले होते, आणि नोंदीतून पावत्यांकडे जाणाऱ्या नात्यावरही तेच होते. पावती गेली, तिच्यासोबत नोंद गेली, आणि नोंदीसोबत तिच्या उरलेल्या चार पावत्या गेल्या. लॉगमध्ये सहा डिलीट ओळी होत्या, पाच पावत्यांच्या आणि शेवटची नोंदीची. फॉरेन कीने अडवले नाही, कारण हायबरनेटने आधी पावत्या आणि मग नोंद असा अगदी बरोबर क्रम लावला होता. काट्यावरच्या स्थळप्रती काढून सर्व पुन्हा भरावे लागले.

नियम सोपा आहे: कॅस्केड मालकाकडून अंशाकडे जाते, अंशाकडून मालकाकडे कधीच नाही. मेनी-टू-वन नात्यावर कॅस्केड रिमूव्ह दिसले की ती चूक समजावी. वन-टू-मेनीवरही ते तेव्हाच लिहावे, जेव्हा अंशाला मालकाशिवाय अर्थच नसतो. बिल आणि त्यातील कपातीच्या ओळी हे याचे योग्य उदाहरण आहे. मसुदा-बिल रद्द झाले की कपातीच्या ओळींचे काहीच काम उरत नाही, आणि बिलाच्या यादीतून एखादी कपात काढली की ती ओळ टेबलातूनही जावी, यासाठी जेपीए २.० पासून, म्हणजे २००९ पासून, ऑर्फन-रिमूव्हल ही सोय आहे. नोंद आणि पावती यांचे मात्र तसे नाही. पावती नोंदीची आहे, पण ती वजनाचा पुरावाही आहे. पुरावा खोडायचा नसतो, त्यावर ‘रद्द’ असा शेरा मारून रद्द करणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहायची असते. म्हणून पावतीला डिलीट ही क्रियाच देऊ नये.

माहिती केव्हा आणावी

जेपीएमध्ये मेनी-टू-वन आणि वन-टू-वन ही नाती काही न सांगितल्यास ईगर असतात, म्हणजे वस्तूबरोबर लगेच आणली जातात. यादीची नाती लेझी असतात, म्हणजे हात लावल्यावर आणली जातात. पहिला निर्णय म्हणून सर्व मेनी-टू-वन नात्यांवर स्वतःहून लेझी लिहावे. कारण असे: गट ऑफिसच्या स्क्रीनसाठी दोनशे नोंदींची क्वेरी केली आणि शेतकऱ्याचे नाते ईगर असेल, तर हायबरनेट त्या नोंदी एका क्वेरीत आणते आणि मग त्यांतील प्रत्येक वेगळ्या शेतकऱ्यासाठी एकेक क्वेरी पाठवते. नोंदी १६० शेतकऱ्यांच्या असतील, तर एकूण १६१ क्वेरी होतात. लेझी लिहून स्क्रीनवर नाव छापले, तरी आकडा तोच राहतो. फरक एवढाच की आता आपल्याला ते ठिकाणानुसार सुधारता येते, तर ईगर एकदा क्लासवर लिहिले की कोणत्याही स्क्रीनला ते नाकारता येत नाही.

सुधारणा म्हणजे त्या स्क्रीनच्या क्वेरीत जॉइन-फेच लिहून नात्यातली वस्तू त्याच क्वेरीत आणणे, किंवा कोणती नाती सोबत आणायची हे सांगणारा, २०१३ च्या जेपीए २.१ मध्ये आलेला एंटिटी-ग्राफ वापरणे. नुसते पाहण्याची स्क्रीन असेल, तर एंटिटी आणूच नयेत. नोंद क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, क्षेत्र असे हवे तेवढेच रकाने एका साध्या क्लासमध्ये घ्यावेत. अहवालांसाठी मी हाच मार्ग आधी पाहतो.

जॉइन-फेचने यादी आणताना दोन ठिकाणी जपावे. एकाच क्वेरीत दोन याद्या आणल्या, तर ओळींचा गुणाकार होतो: पाच पावत्या आणि तीन हप्ते असलेली नोंद पंधरा ओळींत येते. दोन्ही याद्या साध्या लिस्ट असतील, तर हायबरनेट त्रुटी देऊन थांबते, आणि लोक ती त्रुटी घालवण्यासाठी लिस्टचा सेट करतात. त्रुटी जाते, गुणाकार तसाच राहतो. दुसरे असे की यादीच्या जॉइन-फेचवर पानांची विभागणी लावली, तर हायबरनेट सर्व ओळी आणून स्मृतीत पाने पाडते आणि लॉगमध्ये फक्त एक इशारा लिहिते. अशा वेळी आधी पानापुरते आयडी आणावेत आणि दुसऱ्या क्वेरीत त्यांच्या याद्या आणाव्यात, किंवा एका क्वेरीत किती नोंदींच्या याद्या एकदम आणायच्या तो बॅच-साइझ ठरवून द्यावा.

ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी चाललेला एक व्यवहार, संपल्यावर लेझी यादीला हात लावला, तर लेझी-इनिशियलायझेशन ही प्रसिद्ध त्रुटी येते. स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीत स्क्रीन तयार होईपर्यंत डेटाबेसशी जोडणी उघडी ठेवणारी ओपन-इन-व्ह्यू ही सोय मुळातच चालू असते, म्हणून ती त्रुटी दिसत नाही, आणि स्क्रीन रंगवतानाच गुपचूप क्वेरी जात राहतात. नव्या प्रकल्पात ती पहिल्याच दिवशी बंद करावी. चालू प्रकल्पात बंद करायची असेल, तर वेळ काढून, स्क्रीनवार करावी.

नाते ठेवावे की प्रत

सर्वच गोष्टी नात्याने जोडायच्या नसतात, आणि बिलाच्या वेळी हे ठळकपणे लक्षात येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर भावाचा, दर हंगामागणिक बदलतो. बिलाच्या ओळीने दराच्या टेबलाकडे बोट दाखवले आणि नंतर कोणी त्या टेबलातील आकडा दुरुस्त केला, तर दिलेल्या पैशांचे बिल पुन्हा छापताना वेगळी रक्कम दाखवते. तेव्हा बिल मंजूर होताना लागू झालेला दर, निव्वळ वजन आणि बँक खात्याचा क्रमांक यांची प्रत बिलाच्या ओळीत उतरवावी. शेतकऱ्याकडे जाणारे नाते मात्र ठेवावे, कारण ‘या माणसाची सर्व बिले’ हा प्रश्न उद्याही विचारला जाणार आहे. ‘त्या वेळी काय होते’ याचे उत्तर हवे असेल तेथे प्रत, आणि ‘आता कोण आहे’ याचे उत्तर हवे असेल तेथे नाते.

हिशेब विभागाचे लेजर वेगळे मॉड्यूल असेल, तर त्याच्या नोंदीतून बिलाच्या क्लासकडे ऑब्जेक्टचे नाते करू नये. बिलाचा क्रमांक साध्या फील्डमध्ये ठेवावा. नाहीतर लेजरची एक ओळ उघडताच बिल, बिलातून शेतकरी, शेतकऱ्यातून नोंदी अशी सगळी साखळी हाताशी येते, आणि हिशेबाच्या कोडमध्ये कोणीतरी ऊसनोंदीचे क्षेत्र बदलून मोकळा होतो.

डेटाबेसवर सोपवण्याच्या गोष्टी

क्लासमध्ये लिहिलेल्या खुणा फक्त त्या प्रोग्रामला बांधतात. कारखान्यात काट्याचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा वेगळ्या पुरवठादाराचे असते आणि ते थेट टेबलात ओळी घालते, म्हणून फॉरेन की, सक्तीचे रकाने आणि युनिक अटी डेटाबेसमध्ये असल्याच पाहिजेत. एकाच वाहनाचे दोन करार एकाच काळात चालू नसावेत ही अट पोस्टग्रेसच्या (एका डेटाबेसच्या) एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटने घालता येते.

फॉरेन कीच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे ओळी चटकन शोधून देणारी सूची, आहे का हे स्वतः पाहावे. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन तो आपोआप करते. पोस्टग्रेस आणि ऑरॅकल करत नाहीत. पावतीच्या ‘नोंद’ रकान्यावर इंडेक्स नसेल, तर नोव्हेंबरमध्ये कोणाला काही जाणवत नाही, आणि फेब्रुवारीत नोंदीचा प्रत्येक तपशील उघडताना सगळे पावती-टेबल चाळले जाते.

नात्यांची चाचणी लिहिताना प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रीनसाठी क्वेरींची संख्या मोजावी. हायबरनेटच्या स्टॅटिस्टिक्समधून ती मिळते. चाचणीत दहा नोंदी घालून यादी मागवावी, आकडा लिहून ठेवावा. मग शंभर नोंदी घालून तीच यादी मागवावी, आणि आकडा तोच राहिला नाही तर चाचणी नापास करावी. पावती रद्द करण्याच्या चाचणीत रद्द केल्यानंतर नोंदींची आणि पावत्यांची संख्या पूर्वीइतकीच आहे, हेही तपासून घ्यावे.